आत्याच्या तीन पेट्या



“पपांची पुस्तके कुणाला द्यावीत?” असे विचारणारे चार-पाच फोन मला दर वर्षी येतात. कुणाचा बीरशेबाहून, कुणाचा लोदहून, मागे एक लंडनहूनही आला होता. शिवाचे सात दिवस झालेले असतात, घर रिकामे करायचे असते, मुलांना मराठी वाचता येत नाही आणि पेटीतून तेफिल्याची पुस्तके, कीर्तनाच्या वह्या, पत्रांचे गठ्ठे निघत असतात. “एखाद्या ग्रंथालयाला देऊन टाका,” असे मी पूर्वी बेधडक सांगायची. गेले दीड वर्ष दर मंगळवारी मी जेरुसलेममधल्या एका संशोधन ग्रंथालयात मराठी कागद वाचून द्यायला जाते, आणि आता मी तसे सांगत नाही. ग्रंथालयाचे नाव इथे देत नाही, कारण माझ्या आत्याच्या एका वहीचे तिथले प्रकरण अजून मिटलेले नाही.

आत्या म्हणजे पपांची थोरली बहीण. अलिबागकडच्या खेड्यांतून दाईचे काम करत असे. मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तो तिच्याकडे पाहूनच. आमच्याबरोबर ती इस्राएलला आली आणि अश्दोदलाच वारली. तिच्या खाटेखालून तीन पत्र्याच्या पेट्या निघाल्या.

पेट्या ग्रंथालयात नेण्याआधी मी त्या साफ केल्या. चाळीस वर्षे वॉर्ड सांभाळलेली बाई, अस्ताव्यस्त काही पाहवत नाही. पुस्तके एकीकडे, पत्रे एकीकडे, मोठ्या वह्या खाली, लहान वर. पत्रांची पाकिटे मळलेली आणि कसरीने खाल्लेली होती, ती फेकून दिली. दोन फाटलेली पाने सेलोटेपने चिकटवली. एवढे करून मोठ्या अभिमानाने पेट्या त्या ग्रंथपाल बाईंसमोर ठेवल्या.

बाई इराकी घरातल्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी पहिला प्रश्न केला, “पाकिटे कुठे आहेत?”

पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, शिक्क्यावर तारीख आणि गाव असते. आपल्याकडच्या माणसांनी पत्रात फार तर “शबाथ सकाळ” असे लिहिलेले असते. कुणाचे पत्र, कुठून आले, कोणत्या साली, हे सांगणारी एकमेव वस्तू मी कचऱ्यात टाकली होती. बाकीची चूक त्यांनी सावकाश समजावली. कागद ज्या क्रमाने पेटीत होते तो क्रमच एक माहिती असते. लग्नाची पत्रिका ज्या हिशेबाच्या वहीत सापडली, तो हिशेब बहुधा त्याच लग्नाचा. मी दोन्ही वेगळे केले आणि नाते तुटले. सेलोटेपबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पाहिले. पुढे कधीतरी तो चिकटा सुटून कागदावर पिवळा डाग उरणार होता. जखमेवर चुकीची पट्टी लावलेली पाहून मी नवशिक्या नर्सकडे ज्या नजरेने पाहायची, तीच ती नजर.

मग त्यांनी पुस्तके चाळली आणि बहुतेक सगळी परत केली. मला रागच आला. आत्याने समुद्रापार आणलेली पुस्तके ती! पण अशा ग्रंथालयाचे एक लेखी धोरण असते: कोणते समाज, कोणत्या भाषा, कोणता काळ, आणि काय घ्यायचे नाही. आपल्या पूर्वेकडच्या ज्यूंसाठी अशी संस्था कशी उभी राहते याचे ठळक उदाहरण जेरुसलेमचीच बेन-झ्वी इन्स्टिट्यूट. इत्झाक बेन-झ्वी इस्राएलचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्याआधीच १९४७ साली त्यांनी पूर्वेकडच्या ज्यू समाजांच्या अभ्यासासाठी ही संस्था काढली. हलबचे, म्हणजे अलेप्पोचे, हजार वर्षांहून जुने तनाखचे हस्तलिखित १९५८ साली जेरुसलेमला पोचले ते बेन-झ्वींच्याच हाती. त्यातली सुमारे २९५ पानेच आज शिल्लक आहेत. अशा ठिकाणी सगळ्या ज्यूंची सगळी पुस्तके घेतली तर ती जागा गोदाम होईल. सगळे घेण्याचे काम राष्ट्रीय ग्रंथालयाचे. इस्राएलमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती तिथे देणे कायद्याने बंधनकारक आहे. लहान ग्रंथालयाकडे ना तो कायदा, ना तेवढी जागा, ना तेवढे पैसे. त्यांना निवडावे लागते.

इमर्जन्सीत काम केलेल्यांना हे कळेल. दारात वीस माणसे आणि खाटा चार. आधी कुणाला आत घ्यायचे हे रडणाऱ्याच्या आवाजावरून ठरत नाही.

तर बाई एकेक पुस्तक बाजूला ठेवत होत्या: हे आहे, हे आहे, याच्या दोन प्रती आहेत. सातवे तेफिल्याचे पुस्तक त्यांनी उलटे केले. मागच्या कोऱ्या पानावर आजोबांच्या हातचे शिसपेन्सिलचे अक्षर होते: मुलांचे जन्म, एका मुलाचा मृत्यू, घराचा पाया घातला तो दिवस, विहिरीला पाणी लागले तो दिवस. छापील मजकूर त्यांच्याकडे होता, हे पान जगात एकच होते. ते पुस्तक त्यांनी घेतले. तेव्हापासून मी फोनवर सगळ्यांना आधी हेच विचारते, “मागची पाने पाहिलीत का?”

घेतलेली वस्तू थेट फडताळावर जात नाही. आधी अलगीकरण. कोकणातून आलेल्या कागदात कसर असते, कधी किड्यांची अंडी असतात. प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करून ते उणे वीस अंशांखाली आठवडा-दोन आठवडे गोठवतात, मग हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणतात. नवा पेशंट सरळ जनरल वॉर्डात घातला तर काय होते ते मला कुणी शिकवायला नको. त्यानंतर दाखलनोंद: क्रमांक, तारीख, कुणी दिले, भेट की खरेदी, पूर्वी कुणाकडे होते. तो क्रमांक पुन्हा कधी दुसऱ्या वस्तूला देत नाहीत, मूळ वस्तू हरवली तरी नाही. नोंद पुस्तकावर मऊ शिसपेन्सिलीने करतात, शाईने कधीच नाही. आम्लरहित कागदाचे खोके, अठरा-वीस अंशांची खोली, हवेत दमटपणा बेताचा. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या कपाटात वाढलेल्या पुस्तकांना एवढे लाड पाहून नवल वाटत असेल.

माझे खरे काम यानंतर सुरू होते, आणि त्यात मला फार गंमत येते. सूचीत माणूस एक, तर नाव एकच लागते. आता आपल्या माणसांचे काय करायचे? १७९६ साली मुंबईत पहिली मशीद, म्हणजे आजचे शाआर हाराहामीम सिनेगॉग, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर ही एकच व्यक्ती. आपल्याला ते सांगावे लागत नाही. पण हिब्रू आणि इंग्रजी जाणणाऱ्या संगणकाला ही दोन माणसे वाटतात. हाईम सॅम्युएल केहीमकरांचे आडनाव किहीम गावावरून आलेले, ते इंग्रजीत एका तऱ्हेने, हिब्रूत दुसऱ्या तऱ्हेने आणि मराठी छपाईत तिसऱ्याच तऱ्हेने. त्यात इथे आल्यावर कितीतरी घरांनी शेवटचा ‘कर’ गाळला. मुलगा एका नावाने, बाप दुसऱ्या. म्हणून एक नाव मुख्य धरून बाकीची सगळी त्याच्याशी जोडून ठेवावी लागतात. पेणकर शोधणाऱ्या नातीला तिचे आजोबा सापडले पाहिजेत, मग तिच्या पासपोर्टवर काहीही असो.

वर्षांचा घोळ तर विचारू नका. आपल्या छापील पुस्तकांवर कधी इसवी सन, कधी हिब्रू साल, कधी शके. पुण्याला हिब्रू-मराठी हगादा छापला गेला तो १८७४ साली, म्हणजे शके १७९६. शके हा शब्द न वाचता कुणी १७९६ एवढेच टिपले तर पुस्तक एका क्षणात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होते आणि सामाजी हसाजींच्या मशिदीच्या साली जाऊन बसते! ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला ही चूक दिसणार कशी? आमच्या खोलीत मराठी वाचणारी मी एकटी. तरुण संशोधक येतात, मन लावून शिकतात, पण मोडी दिसली की तेही थांबतात. मीही थांबते. ज्या खोक्यावर नुसते “भारतीय भाषा, तपशील नाही” असे लिहून ठेवलेले असते, ते खोके सुरक्षित असते, गार असते, आणि कुणी मागत नाही.

त्याच पुण्याच्या हगाद्याच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका पेसाखच्या भाकऱ्या करताना दिसतात. त्याच्याआधीचा मुंबईचा हगादा १८४६ चा, शिळाछापाचा. अशी पुस्तके आता लिलावात निघाली की खासगी संग्राहकच घेऊन जातात. ग्रंथालयाचे वर्षाचे खरेदीचे पैसे त्यात एका दमात संपतील. म्हणून ग्रंथालये एकमेकांशी देवाणघेवाण करतात, आपली प्रकाशने देऊन दुसऱ्यांची घेतात, आणि जे मिळणार नाही त्याची छायाप्रत ठेवतात.

आपले छापील साहित्य लंडनला कसे सापडते, हेही मला इथेच कळले. १८६७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यातली पुस्तके विलायतेच्या ग्रंथालयांत गेली. छापखान्यांत काय शिजते यावर सरकारला नजर ठेवायची होती. पण त्यामुळे आपल्या घरांतून नाहीशी झालेली मराठी पुस्तके ब्रिटिश लायब्ररीत सापडण्याची शक्यता असते. विलायतेत राहणाऱ्या वाचकांनी एखादा दिवस काढून मराठी सूची पाहावी.

आपल्याकडून ती नाहीशी का झाली, याचे एक कारण मात्र आपला धर्मच आहे. देवाचे नाव असलेले पुस्तक फाटले की आपण ते टाकत नाही, पुरतो. आमच्या गावी दफनभूमीच्या कोपऱ्यात पोतेच्या पोते पुरलेले मी लहानपणी पाहिले आहे. वाळूत, पावसात, कोकणात! कैरोच्या गेनिझात जुने कागद पुरले न जाता माळ्यावर पडून राहिले आणि कोरड्या हवेत टिकले, म्हणून मध्ययुगात हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्या ज्यूंची पत्रे आज वाचता येतात. आमच्या गावची पोती कुणी वाचणार नाही. पुरणारे भाविक होते, चुकले असे मी म्हणणार नाही. पण आता पुरण्याआधी कुणीतरी पाहावे.

एका मंगळवारी कॉरिडॉरमध्ये टेबलावर खोकी दिसली, वर “संग्रहातून काढलेली”. माझा जीव धसकला. त्यात सर्वसाधारण ज्ञानकोश होते, इतर कुठेही मिळतील अशी पुस्तके होती, तीन-तीन प्रती होत्या. आपल्यापैकी काही नव्हते. आपल्या विषयाचे शेवटचे चिटोरे ठेवायचे तर बाकीच्यांना जागा सोडावी लागते, हे मला पटले. जे पटले नाही ते मी भांडून बदलून घेतले. सिनेगॉगच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका त्या घेत नव्हत्या, “जाहिरातीच जास्त आहेत” म्हणून. मी त्यांना पाने उलगडून दाखवली. कोणाचे शिलाईचे दुकान, कोण कंत्राटदार, कोण रेल्वेत, कोणत्या गल्लीत कोणाचे घर, कोणत्या साली कुणाच्या नावापुढे ‘कैलासवासी’ लागले. शंभर वर्षांनी इतिहास लिहिणारा धर्मगुरूंच्या भाषणासाठी येणार नाही, या जाहिरातींसाठी येईल. पुढच्या महिन्यात धोरणाच्या कागदावर स्मरणिका हा शब्द आला. तुमच्याकडे असतील तर ठेवा, मला कळवा. वस्तू असतील, तांब्या, परात, मंगळसूत्र, तर त्या संग्रहालयाच्या. ग्रंथालय ते घेत नाही.

उशीर फार महाग पडतो. केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीच लिहून पूर्ण केला होता. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कुणीतरी सांभाळले, ओलाव्यापासून, उंदरांपासून, घर बदलताना फेकले जाण्यापासून. ज्यांनी सांभाळले त्यांच्या मागे लिहिणाऱ्याचे मोठे नाव होते. आत्याच्या वहीच्या मागे मी एकटी आहे.

ती वही तिसऱ्या पेटीत, साडीत गुंडाळलेली होती. १९४३ ते १९६३. आत्याने केलेल्या बाळंतपणांची. तारीख, गाव, नवऱ्याचे नाव, दिवस की रात्र, मुलगा की मुलगी, काय मिळाले: दोन रुपये, एक नारळ, काही नाही. मेलेले मूल जन्मले तर तारखेपुढे एक लहान शून्य. काही बायकांच्या नावापुढे नवऱ्याचे नाव नाही. आत्या शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, “ती वही जाळून टाक हो. बायकांनी माझ्यावर भरवसा टाकला होता.”

मी जाळली नाही. कारण वाचता वाचता मला एक गोष्ट दिसली. पहिल्या काही वर्षांत पाचव्या ते दहाव्या दिवसांत गेलेली मुले पुष्कळ आहेत. काही मुलगे तर मिलाच्या आधीच. नर्सला हे पाहताच कळते. नाळ कापताना गेलेला धनुर्वात. मग १९४९ च्या पावसाळ्यानंतर एका पानाच्या कडेला आत्याने लिहिले आहे: “पाते वीस मिनिटे उकळणे. धागाही.” त्यापुढे तशी मरणे विरळ होत जातात आणि पाच-सहा पानांनी जवळजवळ थांबतात. त्या खेड्यांत तेव्हा हे कुणी टिपून ठेवले असेल? आमच्या समाजाच्या इतिहासात मशिदी बांधणारे आहेत, खजान आहेत, वर्तमानपत्रे काढणारे आहेत. पाते उकळणारी नाही.

ग्रंथपाल बाईंनी वही हातात घेतली नाही. आधी त्यांनी विचारले, “यातले कुणी जिवंत आहे?” आहेत. एक बाई दिमोनाला आहेत, मी त्यांना ओळखते, आणि त्यांच्या आईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव नाही. त्यांना ते ठाऊक नाही असे मला वाटते.

भेटीच्या करारात यासाठी जागा असते हे मला ठाऊक नव्हते. वस्तू द्यायची, पण अमुक वर्षापर्यंत कुणी उघडायची नाही. मालकी कुणाची, फोटो कुणी घ्यायचे, छापायचे झाल्यास कुणाची परवानगी, हे सगळे आधी लिहून द्यायचे. नावे झाकून छायाप्रत आत्ताच संशोधकांना देता येते, मूळ वही बंद. बाई म्हणाल्या, “घाई नको. पण घरी असेपर्यंत प्लास्टिकमध्ये ठेवू नका, घाम धरते. स्वयंपाकघराजवळ नको. आणि कुणाची वही, कुठली गावे, कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे आजच वेगळ्या कागदावर लिहा. तुम्ही गेलात तर ते शून्य कोण सांगेल?”

तो कागद मी त्याच रात्री लिहिला.

धाकट्या भावाचे म्हणणे सरळ आहे. आत्याने जाळ म्हटले, जाळायला हवी होती. दिलेला शब्द तो शब्द. मी शब्द दिला नव्हता, नुसती मान हलवली होती, पण हे म्हणताना मलाच लाज वाटते. तीन पेट्यांवर त्याचाही हक्क आहे, त्यामुळे करारावर त्याचीही सही लागते.

वहीत आमच्या आईचे नाव दोनदा आहे. एकदा १९५८ साली, ती मी: पहाटे, मुलगी, पैसे घेतले नाहीत. आणि एकदा त्याच्या दोन वर्षे आधी: मुलगी, रात्री, दोन दिवस. शून्य नाही, कारण ती जिवंत जन्मली होती. आईने जन्मभर आम्हा भावंडांना याबद्दल एक अक्षर सांगितले नाही, आणि आत्याने आमच्याच घरात राहून सांगितले नाही.

करार माझ्या पर्समध्ये आहे. ‘पाहण्यास खुले करण्याचे वर्ष’ या ओळीत मी पेन्सिलने २०६३ लिहिले आहे. भाऊ येत्या शबाथला जेवायला येणार आहे. ते पान मी त्याला अजून दाखवलेले नाही.